क्रोशाचा टॉप अंगात बसावा म्हणून

दारावरचं तोरण, चौरंगावरचा रुमाल, ब्लाउजच्या बाहीची लेस ही कामं वर्षानुवर्षं सफाईने करणाऱ्यांचाही पहिला टॉप बऱ्याचदा फसतो. हातात कसब कमी असतं म्हणून नव्हे. तोरण दोन बोटं लांब-आखूड झालं तरी चालतं, आणि वीण घट्ट असेल तितकं ते ताठ राहून उठून दिसतं. कपड्याचं तसं नाही. तो खांद्यावरून लोंबतो, घामाने भिजतो, वारंवार धुतला जातो आणि डोक्यातून घालावा लागतो. तोरणावर बसलेला घट्ट हात टॉपला तसाच लावला की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं, अंगावर पडतच नाही. म्हणून दोऱ्याच्या लेबलवर ४ मिमीची क्रोशाची सुई लिहिली असेल तर कपड्यासाठी ४.५ किंवा ५ मिमीची घ्यावी आणि हात मुद्दाम सैल सोडायला शिकावं.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: छाती ९२ सेंमी, म्हणजे ३६ इंच, आणि अर्ध्या बाहीचा सरळ टॉप. पुढचा आणि मागचा असे दोन चौकोनी भाग, वर खांदे जोडलेले, बाजूला शिवण. पहिल्या कपड्याला यापेक्षा अवघड घाट घेऊ नये.

दोरा घेताना

ठाणे-नवी मुंबईत अ‍ॅक्रिलिक लोकरीचा टॉप वर्षातले फार थोडे दिवस अंगावर सहन होतो. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही. त्याचा उपयोग ऐरोली-महापेच्या ऑफिसातल्या एसीत किंवा एसी लोकलमध्ये अंगावर टाकायच्या श्रगला. टॉपसाठी सुती दोरा हवा. पण सुती दोऱ्याच्या दोन खोडी आधीच माहीत असाव्यात: तो जड असतो, आणि लोकरीसारखा ताणून परत जागेवर येत नाही. त्यामुळे सुती टॉप घालून-घालून खाली उतरत जातो. आमचं मत असं की पहिल्या टॉपला सुती-अ‍ॅक्रिलिक मिश्रणाचा ८ प्लाय दोरा घ्यावा (प्लायचा आकडा मोठा तितका दोरा जाड). तो शुद्ध सुतीपेक्षा हलका पडतो आणि नुसत्या अ‍ॅक्रिलिकइतकी उकड होत नाही. ४ प्लाय सुती दोऱ्याचं कापड आणखी सुंदर पडतं, पण टाके जवळजवळ दीडपट होतात आणि नवशिक्याचा धीर बाहीपर्यंत टिकत नाही.

दुकानात, मग ते जांभळी नाक्याला असो वा भुलेश्वरला, लेबलवरचा रंगाचा क्रमांक पाहतोच आपण. त्याच्याच शेजारी लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा, क्रमांक असतो. दोऱ्याच्या सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या घ्याव्यात. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये दोन लॉटमधला फरक कळत नाही. टॉप उन्हात नेला की पोटावर सरळ रेघ दिसते. दुसऱ्या लॉटची गुंडी घेणं भागच पडलं, तर आठ-दहा ओळी एक ओळ जुन्या गुंडीची, एक नव्या गुंडीची अशा विणाव्यात. फरक विरून जातो.

नमुना तुकडा धुवायचा आणि टांगायचाही

कपडा फसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हा तुकडा न विणणं. दुसरं मोठं कारण म्हणजे तो विणून लगेच मोजणं.

पायाच्या २३ साखळ्या घाला. सुईपासूनच्या चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून ओळीत २१ खांब होतात. अशा १२ ओळी विणा. मग तुकडा साबणाच्या पाण्यात तसाच धुवा जसा पुढे टॉप धुणार आहात, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, आणि सपाट वाळवा. वाळल्यावर कडेचे टाके सोडून मधल्या १० सेंमीत आडवे खांब किती आणि उभ्या ओळी किती ते मोजा. समजा १४ खांब आणि ८ ओळी आल्या.

छाती ९२ आणि शिंपी ज्याला लूझिंग म्हणतात तो अंगाभोवतीचा मोकळेपणा ८, असा टॉपचा घेर १०० सेंमी. म्हणजे एक भाग ५० सेंमी रुंद, म्हणजे ७० खांब. आता हात थोडा घट्ट होऊन १० सेंमीत १४ ऐवजी १६ खांब बसले तर काय होतं पाहा. तेच ७० खांब ४३.७५ सेंमीत संपतात आणि टॉपचा घेर ८७.५ सेंमी होतो. अंगापेक्षाही साडेचार सेंमी कमी. दोन टाक्यांचा फरक तुकड्यावर डोळ्याला दिसतही नाही, आणि टॉप अंगात शिरत नाही. टाके जास्त येत असतील तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. कमी येत असतील तर लहान.

कधी आडवे खांब बरोबर जमतात पण ओळींची संख्या जमत नाही. तिथे सुई बदलून उपयोग नाही. खांब विणताना टाक्यातून दोरा बाहेर काढला की सुईवर जो पहिला फास येतो, तो किती वर उचलला जातो यावर खांबाची उंची ठरते. काहींची सुई फास खाली दाबते, काहींची वर उचलते. ही सवय मोडत बसू नये. ओळी मोजायच्या सोडून सेंमीत उंची मोजत विणावं.

आता टांगणं. धुऊन वाळवलेल्या तुकड्याची वरची कड हँगरला चार चिमट्यांनी लावा आणि खालच्या कडेला आणखी चार चिमटे अडकवा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी १५ सेंमीचा तुकडा १६ झाला असेल, तर ५५ सेंमी उंचीचा टॉप वापरात जवळजवळ ५९ सेंमी होणार. मग विणताना ५२ सेंमीलाच थांबायचं, म्हणजे ४२ ओळींच्या आसपास. क्रोशाचं काम पायाच्या साखळीकडून उसवत नाही, फक्त शेवटच्या टाक्याकडून उसवतं. खालून वर विणलेला टॉप लांब झाला तर खालच्या काठाकडून चार ओळी काढून टाकता येत नाहीत. त्यासाठी ही एक रात्र घालवावीच.

याच तुकड्यावरून दोराही काढता येतो. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंमी. किचनच्या वजनकाट्यावर त्याचं वजन ९ ग्रॅम भरलं असं धरू. पुढचा आणि मागचा भाग ५० गुणिले ५२ चे दोन, म्हणजे ५२००. बाह्या ३६ गुणिले १५ च्या दोन, म्हणजे १०८०. एकूण ६२८० चौरस सेंमी. त्याला २२५ ने भागून ९ ने गुणलं की साधारण २५१ ग्रॅम. काठ, शिवण आणि तुटफूट यांसाठी १५ टक्के धरले की २८९. ५० ग्रॅमच्या सहा गुंड्या जेमतेम पुरतील, सात घ्याव्यात.

परदेशी नमुना वाचताना

आपल्याकडे खांब म्हटलं की खांबच. पण इंग्रजी नमुन्यात अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगळी आहेत. अमेरिकेचा सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब (वेढा न घेता विणलेला बुटका टाका), आणि त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपल्या खांबाला अमेरिकेत डबल आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला तर जिथे मुका खांब हवा तिथे खांब पडतो. कापड जाळीदार होतं, उंची दुपटीच्या आसपास जाते आणि दोरा अर्ध्यात संपतो. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही आला तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही. हाफ ट्रेबल आला तर ब्रिटिश. दोन्ही नसतील तर दिलेलं गेज, म्हणजे १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी, ते पाहा. १० सेंमीत १६-१८ ओळी म्हणजे मुका खांब, ८-९ ओळी म्हणजे खांब.

कडा तिरक्या का जातात

चौकोन विणायला घेतला आणि दहा ओळींत तो समोशासारखा निमुळता झाला, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. ओळ उलटवल्यावर घातलेल्या तीन साखळ्या हा त्या ओळीचा पहिला खांब असतो. म्हणून त्या साखळ्यांच्या पायथ्याचा टाका सोडून दुसऱ्या टाक्यात पुढचा खांब घालायचा, आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या टोकात शेवटचा खांब घालायचा. हे टोक लहान, पिळवटलेलं असतं आणि डोळ्याला टाक्यासारखं दिसतच नाही. ते सुटलं की दर ओळीला एक टाका जातो. ७० चे दहा ओळींत ६० होतात, म्हणजे ५० सेंमीची रुंदी ४३ वर येते. उलट बाजूने, पायथ्याच्या टाक्यातही खांब घातला आणि टोकातही घातला, तर दहा ओळींत ८० होऊन कापड पंख्यासारखं पसरतं.

तीन साखळ्या घालताच तिसऱ्या साखळीत एक सेफ्टी पिन अडकवावी. पुढच्या ओळीच्या शेवटी पिन दिसली की तिथे खांब. पिन काढून नव्या जागी. पहिल्या टॉपला प्रत्येक ओळीनंतर टाके मोजावेत, दुसऱ्याला दर चार ओळींनी मोजले तरी चालतं.

काहींना तीन साखळ्यांच्या शेजारी पडणारी फट आवडत नाही आणि ते दोनच साखळ्या घालून त्या मोजतच नाहीत. पहिल्या टाक्यात सरळ खांब घालतात आणि शेवटी साखळीत काही घालत नाहीत. ही पद्धतही उत्तम आहे, कड जास्त नेटकी येते. मात्र एका कपड्यात एकच पद्धत. निम्म्यातून बदलली की कडेला पायरी पडते.

खालचा काठ आत ओढला जाऊन टॉप मडक्यासारखा फुगत असेल तर दोष टाक्यांच्या संख्येचा नाही, पायाची साखळी घट्ट पडली आहे. साखळी एक मिलिमीटर मोठ्या सुईने घालायची आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्यायची. टॉपसाठी साखळ्या ७२.

लोकलमध्ये विणणाऱ्यांसाठी एक सूचना. ठाणे-वाशी प्रवासात अर्धा तास मिळतो, पण गर्दीत, घामेजल्या हाताने, दोऱ्यावर वेगळाच ताण येतो. घरी पंख्याखाली विणलेल्या ओळींशी तो जुळत नाही आणि टॉपच्या अंगावर पट्टे दिसतात. गाडीत सुटे चौकोन, बटणाची पट्टी, फुलं असं काम न्यावं. अंगाचा भाग घरीच. हाताला घाम येत असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या सुईऐवजी बांबूची घेऊन पाहावी, पकड सुटत नाही.

गळा

७० खांबांपैकी मधले ३० गळ्याला आणि दोन्हीकडे २०-२० खांद्याला. ३० खांब म्हणजे २१ सेंमी. बऱ्याच सोप्या नमुन्यांत पुढचा-मागचा भाग सरळ विणून खांदे जोडायला सांगतात. तसं केलं तर गळ्याचा घेर २१ आणि २१, म्हणजे ४२-४३ सेंमी होतो. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५७ सेंमी असतो. लोकर ताणून डोकं कसंबसं जातं. सुती दोरा ताणत नाही, टॉप कपाळावर अडकतो.

म्हणून पुढच्या भागाच्या शेवटच्या ८ ओळी दोन्ही खांद्यांच्या वेगवेगळ्या विणायच्या, मधले ३० खांब सोडून. ८ ओळी म्हणजे १० सेंमी खोली. आता घेर २१, अधिक दोन बाजूंचे २०, अधिक मागचे २१, असा ६२ सेंमी. डोकं आरामात जातं. खांदे पक्के शिवण्याआधी सेफ्टी पिनांनी जोडून एकदा घालून पाहावं. मुंढ्याचंही याच वेळी बघून घ्यावं: दंडघेर ३० असेल तर ६ सेंमी लूझिंग धरून बाही ३६ ची, म्हणजे खांद्यापासून खाली पुढे १८ आणि मागे १८ सेंमीवर पिनेने खूण, आणि बाजूची शिवण तिथे थांबवायची. मुंढा आवळला की हात वर करताना सगळा टॉप वर चढतो.

गळ्याचा काठ मुक्या खांबाचा. आडव्या भागात प्रत्येक टाक्याला एक, उभ्या कडेला खांबाच्या प्रत्येक ओळीला दोन. इथे ३० अधिक ३२ अधिक ३०, असे ९२ होतात. काठाला झालर पडू लागली तर टाके जास्त झाले, आत ओढ बसली तर कमी.

बाही, जोडणी

बाही मुंढ्यावरूनच टाके उचलून गोल विणता येते. गोल विणताना प्रत्येक फेरी त्याच दिशेने विणली तर टाके थोडे-थोडे एका बाजूला सरकतात आणि बाहीची सांध काखेतून निघून दंडावर येते. प्रत्येक फेरीच्या शेवटी काम उलटवून परत यावं, म्हणजे सांध सरळ राहते. एक बाही आज आणि दुसरी पंधरा दिवसांनी विणली तर हात बदललेला असतो. दोन गुंड्या घेऊन दोन्ही बाह्या आलटून-पालटून पुढे न्याव्यात.

खांद्याची शिवण टॉपचं सगळं वजन पेलते. तिथे आतून पातळ सुती टेप किंवा फीत हातशिलाईने धरली तर खांदे दंडावर उतरत नाहीत. बाजूच्या शिवणी मात्र सैल हाताने. घट्ट ओढल्या की कुशीत चुण्या पडतात.

दोऱ्याची टोकं १५ सेंमी ठेवूनच कापा. गाठ मारून जवळ कापलेलं सुती टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. शिवणाच्या जाड सुईने एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवा. गुंडीच्या मध्येच कारखान्यातली गाठ आली तर ती विणून टाकू नका. तिथे कापून ओळीच्या कडेला नवा दोरा जोडा.

पावसाळ्यात धुणं आणि वाळवणं

दोन रंग असतील, विशेषतः लाल आणि पांढरा, तर नमुना तुकड्यातच दोन्ही घालून धुवावेत. रंग जात असेल तर तो टॉपवर कळण्यापेक्षा तिथे कळलेला बरा.

ओला सुती टॉप बाल्कनीच्या दोरीवर टाकायचा नाही. पाण्याच्या वजनाने तो एका दिवसात जितका लांबतो तितका महिनाभर घालूनही लांबत नाही. पिळायचाही नाही. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबायचं. मग फोमच्या चटईवर किंवा गादीवर जुनी चादर घालून, ५० बाय ५२ च्या मापात हाताने सारखा करून, कडेला न गंजणाऱ्या टाचण्या लावायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे असा कपडा वाळायला दोन-तीन दिवस घेतो. पंखा सोडावा आणि सहा-सात तासांनी उलटावा, नाहीतर खालच्या बाजूला कुबट वास धरतो. काखेची आणि खांद्याची शिवण बोटांत धरून पाहावी, सगळ्यात शेवटी ओल तिथे राहते. वाळल्यावर घडी घालून ठेवावा, हँगरला नको.

सुतीला ओलसर फडक्यावरून इस्त्री चालते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की वीण चपटी, चकचकीत आणि लुळी पडते, आणि ती परत येत नाही. वाफेची इस्त्री तीन-चार सेंमी वर धरून नुसती वाफ द्यावी.

टोपडं आणि मोजे

गोल टोपीचं गणित वेगळं. खांबाने सुरुवात १२ टाक्यांनी, आणि दर फेरीला १२ वाढवायचे: १२, २४, ३६, ४८. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर कडा लाटांसारख्या उठतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंमीच्या आसपास असतो. वरच्याच गेजने चौथ्या फेरीला ४८ खांब म्हणजे ३४ सेंमी होतात. तिथे वाढ थांबवून पुढच्या ६ फेऱ्या सरळ. बाळाच्या मोज्यांत आणि हातमोज्यांत आतून एकही सुटं टोक किंवा लांब आडवा दोरा ठेवू नये. तो बोटाभोवती आवळू शकतो आणि बाळाला सांगता येत नाही. टोपड्याला मणी, बटण, गळ्याची नाडी काहीही नको.

बिघडलेलं वाचवताना

घेर ८७.५ झाला आणि १०० हवा होता तर १२.५ सेंमी कमी आहे. दोन्ही कुशीत कुर्त्याच्या कळीसारखी ६ सेंमीची उभी पट्टी घालावी. दुसऱ्या रंगाची घातली तर ती मुद्दामच केल्यासारखी शोभते. टॉप आखूड असेल तर पायाच्या साखळीच्या दुसऱ्या बाजूला दोरा जोडून खाली हव्या तितक्या ओळी वाढतात. सैल असेल तर बाजूच्या शिवणी आत घ्या, पण प्रत्येक बाजूला तीन-चार टाक्यांपेक्षा जास्त नको, कुशीत जाडी येते.

कडा तिरक्या गेल्या असतील किंवा कापडच पुठ्ठ्यासारखं झालं असेल, तर उसवावंच. खुर्चीच्या पाठीभोवती दोरा गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सुटसुटीत बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, खाली एखादा चमचा बांधून टांगून वाळवावी. दोऱ्याच्या नागमोडी बऱ्याच निवळतात. न धुता तोच दोरा विणला तर गेज पुन्हा चुकतं. आणि लवदार किंवा मखमली दोरा उसवताना तुटतो, म्हणून तो पहिल्या टॉपला घेऊच नये.